दुसरा आकडा

वर्ना टॉलफसन गव्हर्नरची बायको झाली
त्या रात्री मी चौथ्या मजल्यावर ड्यूटीवर होते.
बारा नंबरच्या म्हाताऱ्याने टीव्ही बंद करायला लावला.
म्हणाला, नर्स चांगली होती. वाया गेली.

बिस्मार्कात नोव्हेंबर लागला की
उभ्या गाड्यांना विजेच्या वायरी लावून ठेवतात,
गुरं दावणीला बांधावीत तशा,
नाहीतर सकाळी इंजिनाचा दगड.
हे मला वर्नानेच शिकवलं.
मी मिरजेहून आलेली, सर्टिफिकेटं
प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून,
आणि ती म्हणाली, "मलान"
(मालन तिला कधी जमलं नाही)
"मलान, आधी हातमोजे. देव नंतर."

अकरा वर्षं आम्ही एकाच कॉटच्या दोन बाजूंना.
चादर ताणताना तिचे कोपरे आधी बसायचे.
मॉनिटर हिरवे आकडे ओरडत असला तरी
ही पेशंटच्या मनगटावर दोन बोटं ठेवून
छातीवरच्या उलट्या घड्याळाकडे बघत
ओठांतल्या ओठांत मोजायची,
आजीकडून आलेल्या नॉर्वेजियन आकड्यांत:
एन, तू, त्रे...
दुसऱ्या आकड्याला मी दचकायचे.
वाटायचं, मलाच म्हणतेय.

नवरा ट्रॅक्टर विकायचा. पुढे आश्वासनं.
हे वाक्य तिचंच, माझ्या नावावर खपवू नका.

शपथविधीच्या जेवणाला तिने मला बोलावलं.
जरीची साडी, आत थर्मल, पायांत बर्फाचे बूट.
गव्हर्नर एकेकाचा हात हापसा मारावा तसा हलवत होता.
ती मात्र धरून ठेवायची.
लोक म्हणाले, किती मायाळू, हात सोडवत नाही हिला.
मी पाहिलं, तिची दोन बोटं
हळूच बाहीच्या आत सरकत होती,
कफलिंकच्या खाली,
जिथे मतदार आणि उमेदवार सारखेच वाजतात.

विरोधी पक्षाचा ऑटो वाइगल,
तिच्या नवऱ्याला महिनाभर पेपरात सोलून काढणारा,
त्याच्यापाशी रांग अडली.
अर्धं मिनिट. मग पुरतं एक.
फोटोग्राफर अवघडला.
वर्ना त्याच्या कानाशी काही बोलली
आणि तो आडवातिडवा माणूस
शाळेतल्या पोरासारखी मान हलवून
मागच्या दाराने निघून गेला, कोट न घेताच.
कोट मीच नेऊन दिला त्याला,
चौथ्या मजल्यावर, बारा नंबरला.
म्हातारा तोवर घरी गेला होता.
घरी म्हणजे घरीच. चालत.

वाइगल वाचला, आणि त्याने
एकामागून एक बिलं पाडली तिच्या नवऱ्याची.
मी चिडले तर फोनवर म्हणाली,
पाडू दे. ठोका नियमित आहे ना?

आणखी एकदा फोन आला, रात्री तीनला.
आमच्या जागं असण्याची वेळ तिला पाठ होती.
इथे अंथरूण दुसरंच कोणी घालतं, मलान.
कोपरे ढिले असतात.
मी उठून पुन्हा ताणते
आणि पहाटे परत विस्कटून ठेवते,
त्या पोरीला वाईट वाटायला नको.
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मागे वॉर्डात कुणीतरी बेल वाजवत होतं.
ती म्हणाली, जा. नऊ नंबर असेल.
नऊच होता.

आता दिवाणखान्यात तिचं चित्र आहे.
निळा ड्रेस, मोत्यांची माळ, बहुतेक उसनी.
शाळेच्या मुलांना गाईड सांगते,
पाहा, हात कसे नम्रपणे एकावर एक.

मागच्या मंगळवारी मी गेले होते.
रिटायर झाल्यापासून मंगळवार फार लांब असतात.
हात एकावर एक नाहीत.
उजव्या हाताची दोन बोटं
डाव्या मनगटावर आहेत, अंगठ्याच्या मुळाशी,
अगदी जागच्या जागी.
चित्रकाराला कळलं नसणार.
किती दिवस बसवलं होतं तिला, कोण जाणे.

बंद व्हायला पंधरा मिनिटं होती.
मीही मोजून पाहिलं, तिच्या भाषेत,
दुसरा आकडा जरा मोठ्याने.
गाईडने वळून पाहिलं.